ब्रेकवरचा पाय

गाडी शिकवणाऱ्या त्या शाळेत शिक्षक दोनच होते. एक मालक स्वतः आणि दुसरी ही. मालक ओरडायचे. शिकाऊ माणसाने गिअर चुकवला की मालकांचा आवाज बंद काचांमधून बाहेर पडून पदपथावरच्या लोकांनाही ऐकू जायचा. ही मात्र कधी आवाज चढवत नसे. तिच्या पायाशी शिक्षकासाठी बसवलेला जास्तीचा ब्रेक होता. वेळ आली की ती तो शांतपणे दाबायची. गाडी थांबायची, शिकणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालेलं असायचं, आणि ही म्हणायची, "हं. आता पुन्हा एकदा, सावकाश." म्हणून विद्यार्थ्यांनी तिला ब्रेकताई म्हणायला सुरुवात केली. ते नाव शाळेतून घरापर्यंत आलं, आणि नवरासुद्धा लाडात आला की तिला ब्रेकताईच म्हणू लागला.

नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. त्याला गाडी येत नव्हती. लग्नानंतर बायकोकडून शिकायचा त्याने एकदा प्रयत्न केला होता, पण चार दिवसांत दोघांनाही कळून चुकलं की गाडी आणि संसार यांतलं एकच काहीतरी नीट चालेल. त्यांनी संसार निवडला.

ब्रेकताईला सहावा सरून सातवा महिना लागला, त्याच सुमाराला तिच्या सासूबाई नोकरीतून निवृत्त झाल्या. सगळं आयुष्य त्यांनी पोस्टाच्या खिडकीमागे काढलेलं. समोर कितीही मोठा माणूस आला तरी तो वाकून, त्या छोट्याशा भोकातूनच आपल्याशी बोलणार, याची त्यांना सवय झाली होती. निवृत्तीनंतर त्यांनी आधी घरातली कपाटं आवरली, मग आवरलेली कपाटं पुन्हा आवरली, आणि एके दिवशी सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं, "मी गाडी शिकणार."

सासरे गेल्यापासून त्यांची जुनी गाडी खाली आच्छादन घालून उभी होती. तिच्याकडे बघून कुढण्यापेक्षा ती चालवावी, असं सासूबाईंच्या मनाने घेतलं होतं.

"शिका की," ब्रेकताई म्हणाली. "मालकांना सांगते, ते शिकवतील."

"तो ओरडणारा? त्याच्या हाताखाली मी एक दिवस टिकायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो टिकायचा नाही. मला तू शिकव. पण एक आहे. गाडीत तू मॅडम आणि मी विद्यार्थिनी. सासू म्हणून सांभाळून घ्यायचं नाही."

तसंच ठरलं. घरी "अगं" म्हणणाऱ्या सासूबाई गाडीत बसल्या की "अहो मॅडम" म्हणायच्या. चालवायच्या गोगलगायीच्या चालीने, पण मधूनच त्यांच्या मनात काहीतरी यायचं आणि त्या कुणालाही न सांगता वळायच्या. रस्ता म्हणजे त्यांच्या लेखी एक लांबलचक रांग होती. मागून कोणी हॉर्न वाजवला की त्या काच खाली करून, मागे न बघताच म्हणायच्या, "नंबरानं या." दिवा हिरवा असला तरी चौकात थांबून खात्री करून घ्यायच्या. ब्रेकताईच्या नाकी नऊ यायचे, पण हसूही आवरायचं नाही. पोटातलं बाळही नेमकं त्याच वेळी लाथा मारायचं.

अशाच एका फेरीनंतर दुखण्याला सुरुवात झाली.

गाडी शाळेच्या आवारात लावून ब्रेकताई उतरत होती. एक पाय जमिनीवर टेकला होता, दुसरा अजून गाडीतच होता. तेवढ्यात पोटाच्या खाली, दोन मांड्यांच्या मधे हाताला हाड लागतं तिथे, कोणीतरी पाचर ठोकावी तशी कळ आली. आत काहीतरी कट् करून वाजल्यासारखंही वाटलं. तिने दाराची कड घट्ट धरली. सासूबाई पलीकडे दार लागलंय का ते दुसऱ्यांदा ओढून बघत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. कळ ओसरली. बाळाने डोकं कुठेतरी टेकवलं असेल, असं म्हणून तिने गोष्ट तिथेच सोडून दिली.

पण कळ सोडायला तयार नव्हती. जिना चढताना यायची. एका पायावर उभं राहून विजार घालताना यायची. झोपेत कूस बदलायची म्हटली तर आधी मनाची तयारी करावी लागायची. दुकानातली सामानाची ढकलगाडी जरा जड झाली की पुढून सुरू होऊन कळ मांडीत उतरायची, कधी मागे कमरेच्या खाली जायची. सपाट रस्त्यावर हळू चाललं तर काही नाही, आणि गाडीतून उतरताना मात्र हटकून. त्यात काही ताळमेळ लागेना, आणि तेच तिला जास्त खुपत होतं. नवव्या महिन्यापर्यंत काम करायचं, असं तिने मालकांना छातीठोकपणे सांगितलं होतं. दुखतंय म्हटलं की ते तिला कार्यालयात टेबलामागे बसवणार. आणि खरं सांगायचं तर तिला एवढीच काळजी नव्हती. बाळ वेळेआधी यायची ही खूण तर नसेल, या विचाराने तिच्या काळजात धस्स व्हायचं, आणि तो विचार तोंडातून काढला तर खरा होईल अशी भीती वाटायची. म्हणून ती गप्प राहिली.

गप्प राहून लपणारी ती गोष्ट नव्हती. एका सकाळी ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत चालत आली आणि सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"अगं, तू बदकासारखी का चालतेस?"

"पोटामुळे, आई."

"पोट पुढे आहे. तू डावी-उजवीकडे हलतेयस. खरं सांग."

तिने सांगितलं. सांगता सांगता डोळे भरून आले, त्याचं तिलाच नवल वाटलं.

मग काय विचारता. नवऱ्याने फोन काढला आणि तो पोटाखाली दुखण्याची कारणं वाचू लागला. स्नायू आणि बंध ताणणं, लघवीचा संसर्ग, पोट साफ नसणं, सांधे सैल होणं, कळा लवकर सुरू होणं. एकेका कारणासरशी त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी सासूबाईंनी त्याच्या हातातला फोन काढून घेऊन उलटा ठेवला. ब्रेकताईच्या आईने दुसऱ्या गावाहून फोनवरच निदान केलं की मुलगी दूध पीत नाही. शेजारच्या काकूंचं म्हणणं पडलं की मुलगा असला की असं दुखतं. त्यांच्या थोरलीच्या वेळी पण असंच दुखलं होतं, ही आठवण सासूबाईंनी करून दिली तेव्हा काकू म्हणाल्या, मुलगी असली तरी दुखतं. सासूबाईंचं स्वतःचं मत होतं की गतिरोधकांवरून गाडी आदळते त्याने हे झालं.

"आई, तुम्ही चालवता तेव्हा गाडी गतिरोधकावर आदळत नाही. चढते, विचार करते आणि उतरते."

"मग तो ओरडणारा आदळत असेल."

"मी त्यांच्या गाडीत बसतच नाही."

"ते काही असो. डॉक्टरकडे चल."

डॉक्टर बाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी एकामागून एक विचारलं. ताप? नाही. लघवीला जळजळ? नाही. रक्त, पाणी, काही गेलं? नाही. पोट ठरावीक वेळाने दगडासारखं घट्ट होतं का? नाही. बाळ हलतंय ना?

"हलतंय. विशेष करून आई वळण घेतात तेव्हा."

सासूबाई शेजारच्या खुर्चीवर ताठ झाल्या.

डॉक्टरांनी लघवी तपासायला पाठवली. पोट हाताने चाचपलं, मग खाली पुढच्या हाडावर दोन बोटांनी जरासं दाबलं. ब्रेकताई टेबलावरून जवळजवळ उठूनच बसली.

"हं," डॉक्टर म्हणाल्या. "सापडलं."

लघवीत काही निघालं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की हे दुखणं गर्भाशयाचं नाही, बाळाचंही नाही. ओटीपोटाच्या हाडांचं जे कडं असतं त्याच्या सांध्याचं आहे. पुष्कळ जणींना होतं, कोणी सांगतात, कोणी सोसतात.

"म्हणजे बाळाला काही...?"

"बाळाला याचा पत्ताही नाही. लवकर कळा येण्याशी याचा संबंध नाही. मात्र मी आत्ता जे जे विचारलं त्यातलं काही झालं, तर घरात चर्चा करत बसू नका, सरळ इकडे या. आणि या दुखण्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे जा. सोसत बसायची काही गरज नाही."

बाहेर आल्यावर ब्रेकताई बाकावर बसली आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिली. तिला वाटलं, गेले कित्येक दिवस आपण श्वास अर्धाच घेत होतो.

फिजिओथेरपिस्ट बाई उंच, कॅनव्हासचे बूट घातलेल्या आणि सावकाश बोलणाऱ्या होत्या. त्यांच्या टेबलावर कंबरेच्या हाडांचा प्लॅस्टिकचा नमुना होता. त्या काही बोलायच्या आतच सासूबाईंनी तो उचलून, पार्सलचं वजन बघावं तसा हातात तोलला होता.

"बरं झालं, तुमच्याच हातात राहू दे," बाई म्हणाल्या. "पुढे बघा. इथे दोन्ही बाजूंची हाडं जुळतात आणि मधे ही रबरासारखी गादी. मागे कमरेला असेच आणखी दोन सांधे. एरवी हे जेमतेम हलतात. गरोदरपणात शरीर त्यांचे बंध सैल करतं, बाळाला वाट मिळावी म्हणून. त्यात पोटाचं ओझं पुढे, चालण्याची ढब बदललेली. मग कधी कधी एक बाजू जास्त हलते, दुसरी कमी, आणि सांधा कुरकुरायला लागतो."

"म्हणजे दोघे भाऊ सारखं काम करत नाहीत आणि ताप मधल्याला," सासूबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच."

"मग चुकतंय कोण?"

"कोणीच नाही. सगळ्यांचेच बंध सैल होतात, पण सगळ्यांना दुखत नाही. का, ते एका वाक्यात कोणी सांगू शकत नाही. पूर्वी कधी मार लागला असेल, काम एकाच बाजूवर भार देणारं असेल, पोटाचे स्नायू दमले असतील. थोडं याचं, थोडं त्याचं." त्या ब्रेकताईकडे वळल्या. "कधी पडला होतात?"

"कॉलेजात असताना स्कूटरवरून. माकडहाडावर. तेव्हा महिनाभर उशीवर बसत होते."

"आणि काम काय करता?"

ब्रेकताईने सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "गाडी आणलीय? मला बघायचीय."

गाडी खालीच होती, कारण येण्याची फेरी ही सासूबाईंची शिकवणीच होती. बाई मागच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, रोजच्यासारखं एक चक्कर मारा. सासूबाईंनी आरसा नीट केला, घसा साफ केला आणि दवाखान्याच्या भोवती एक फेरी मारली. वाटेत एका सायकलवाल्याला दोनदा पुढे जाऊ दिलं. एकदा तर तो जायला तयार नव्हता तरी. परत जागेवर आल्यावर त्यांनी गाडी बंद केली आणि परीक्षेचा निकाल ऐकावा तशा मागे वळल्या.

पण बाई बोलल्या ब्रेकताईशी. "तुमचा उजवा पाय सबंध फेरीत एकदाही जमिनीला लागला नाही. तो ब्रेकच्या वर अधांतरी होता. कंबर तिरकी झालेली आणि डावा पाय खाली रेटून धरलेला. दिवसाला किती तास बसता अशा?"

ब्रेकताईने पायाकडे बघितलं. पाय अजूनही तिथेच होता. तिने तो खाली ठेवला.

"शिकवताना पाय ब्रेकजवळ लागतोच," ती म्हणाली.

"सगळ्यांच्याच वेळी?" हा प्रश्न सासूबाईंचा होता.

"जे नवे असतात त्यांच्या वेळी."

"मी काही नवी नाही. माझा दुसरा महिना चाललाय."

फिजिओथेरपिस्ट बाई खिडकीतून बाहेरच्या झाडाकडे बघू लागल्या.

मग त्यांनी उतरायची रीत शिकवली. आधी एक पाय, मग दुसरा, असं नाही. दोन्ही गुडघे जुळवायचे, सगळं अंग दाराकडे फिरवायचं आणि दोन्ही पायांवर एकदम उठायचं. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी घातली की अंग अलगद फिरतं. विजार बसून घालायची, झोपताना गुडघ्यांमधे उशी, जिना एकेक पायरी, जड काही ढकलायचं नाही. कमरेला बांधायचा पट्टा दिला, काही साधे व्यायाम दिले, आणि काम बंद करायची गरज नाही, कमी करा, असंही सांगितलं. ब्रेकताईने त्याच रीतीने उतरून बघितलं. दुखलं, पण निम्म्याने. तिचा चेहरा असा खुलला की बाईंनाही हसू आलं.

संध्याकाळी जेवताना मात्र सासूबाईंनी सांगून टाकलं, "उद्यापासून माझी शिकवणी बंद."

"आई, त्या काय म्हणाल्या ऐकलंत ना? थोडं याचं, थोडं त्याचं."

"त्यातलं थोडं माझं. तेवढं मला कमी करता येतं, ते मी केलं. पुढचं बोल."

गाडीतून उतरलेल्या सासूबाईंनी आपली सगळी शक्ती घरात लावली. न्हाणीघरात खुर्ची आली. पडद्याच्या गुळगुळीत अस्तराचा तुकडा कापून गाडीच्या सीटवर पडला, कारण प्लॅस्टिकने घाम येतो. उशा एकीच्या जागी तीन झाल्या, आणि नवरा पलंगाच्या काठावर, तटाबाहेर राहिलेल्या सैनिकासारखा झोपू लागला. ब्रेकताईने कुठे जरा पाय फाकून काही उचललं की दुसऱ्या खोलीतून आवाज यायचा, "गुडघे." दिसायचं नाही तरी त्यांना कळायचं कसं, हे कोड्यातच राहिलं.

मालकांनीही अनपेक्षितपणे समजून घेतलं. दुपारनंतर तिने वर्गात बसून रस्त्याच्या खुणा शिकवायच्या, आणि सकाळी फक्त हात बसलेले विद्यार्थी घ्यायचे, असं त्यांनीच ठरवून दिलं. कच्चे सगळे त्यांनी स्वतःकडे घेतले. आठवड्याभरात त्यांचा आवाज बसला.

हात बसलेल्यांमधे एक बेकरीवाला होता. पहाटेपासून कामावर असणारा, शांत, सावध माणूस. त्याला खरं म्हणजे शिकवायचं काही बाकीच नव्हतं, तो फक्त परीक्षेपूर्वीचा सराव करायला यायचा. त्याच्या शेजारी बसून ब्रेकताई मोकळ्या रस्त्याने चालली होती, उन्हं कोवळी होती, बाळही निवांत होतं. सहज तिची नजर खाली गेली.

उजवा पाय ब्रेकवर अधांतरी होता.

तिने तो खाली ठेवला. पुढच्या वळणाला पुन्हा बघितलं. पुन्हा वर.

"काही चुकलं का माझं?" बेकरीवाल्याने विचारलं.

"तुमचं नाही हो," ती म्हणाली आणि हसत सुटली. तो बिचारा गोंधळून आणखीच सावकाश चालवू लागला.

घरी येऊन तिने सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या खिडकीशी उभ्या राहून खालच्या झाकलेल्या गाडीकडे बघत होत्या.

"माझं मन राखायला सांगतेस."

"तुमचं मन राखायचं असतं तर त्या दिवशी गाडीत खोटं नसते का बोलले? आई, तो माणूस काचेवर ठेवल्यासारखी गाडी चालवतो. तरी पाय वरच. ती माझी खोड आहे, तुमचा त्यात संबंध नाही. आणि ती खोड मोडायला मला अशी व्यक्ती पाहिजे जी मला सारखी टोकत राहील. अशी एकच आहे माझ्या ओळखीत."

सासूबाई खिडकीपासून वळल्या. "सारखी टोकत म्हणजे?"

"सारखी."

"चालवता चालवता?"

"चालवता चालवता."

ते काम त्यांना मनापासून आवडण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाच्याही आधी तयार होऊन बसल्या.

आता त्या गाडीतला संवाद कोणी बाहेरून ऐकला असता तर शिकवतंय कोण हेच कळलं नसतं. "मॅडम, पाय कुठे आहेत?" "जमिनीवर." चौक गेला. "मॅडम, पाय?" "जमिनीवर आहेत." पुढे बाजाराचा रस्ता आला, जिथे शिकाऊ माणसांना घाम फुटतो. सासूबाईंनी दोन्ही हातांनी चाक धरलं. "मॅडम?" उत्तर नाही. "मॅडम, खाली ठेवा तो." ब्रेकताईने ओशाळून पाय खाली ठेवला. रस्त्यावरची नजर जराही न हलवता यांना कळतं कसं, ते इथेही कोडंच होतं. पण दिवसांमागून दिवस गेले, तसा पाय खाली राहायला शिकला. कळ रोजची होती ती अधूनमधून यायला लागली. आणि गंमत अशी की दुसऱ्याला टोकताना सासूबाईंचं स्वतःचं घाबरणं कुठल्या कुठे गेलं. मनात येईल तिथे वळणं थांबलं. हिरव्या दिव्याला त्या आता न थांबता जायच्या, फक्त जाताना त्याच्याकडे संशयाने बघायच्या.

एका सकाळी त्या दोघी गोदामांच्या रस्त्याने चालल्या होत्या. दोन्ही बाजूंना उंच भिंती आणि मधे मधे लोखंडी फाटकं. एका फाटकातून, ना हॉर्न ना माणूस, एक मालट्रक एकदम मागे आला आणि सबंध रस्ता अडवून बसला.

ब्रेकताईचा पाय सुटला. इतक्या वर्षांची सवय, ती काय विचारून थोडीच जाते. पाय ब्रेकवर आपटला आणि ब्रेक तिथे नव्हताच. तो आधीच खाली गेलेला होता. शिकवायच्या गाडीत दोन्ही ब्रेक एकमेकांना जोडलेले असतात. एकाने दाबला की दुसराही खाली जातो. सासूबाईंनी तिच्या आधी दाबला होता. गाडी ट्रकपासून चांगली हातभर अंतर राखून उभी होती.

दोघींचा श्वास एकदमच सुटला.

"दुखलं?" सासूबाईंनी विचारलं.

"थोडं." तिने पाय मागे घेतला, गुडघे जुळवले. कळ आली तशी गेली. पोटात बाळाने एक झोकदार लाथ मारली. "आई, तुम्ही माझ्या आधी थांबलात."

"गाडीत आई म्हणायचं नाही, मॅडम. आणि तुमचं लक्ष होतं कुठे?" सासूबाई म्हणाल्या. पण त्यांनी हात लांब करून सुनेचा हात धरला, आणि ट्रकवाला खाली उतरून माफी मागत काचेपाशी आला तरी सोडला नाही. त्याला त्यांनी सोडलंच नाही म्हणा. काच खाली करून, तो नीट वाकेपर्यंत थांबून, मागे घेताना माणूस उभा का करायचा ते शांतपणे समजावून सांगितलं. त्याने दोनदा "हो बाई" म्हटल्यावर मगच काच वर केली.

परीक्षेची तारीख नवव्या महिन्यात पडली. त्या दिवशी सकाळी सासूबाई मालकांबरोबर शाळेच्या गाडीने केंद्रावर गेल्या. त्या जिना उतरल्या आणि ब्रेकताईला कमरेपासून पोटापर्यंत एक लाट आल्यासारखं झालं. पोट दगडासारखं घट्ट झालं आणि सैल पडलं. थोड्या वेळाने पुन्हा. हे ते दुखणं नव्हे, हे तिने क्षणात ओळखलं. ते हालचालीला बांधलेलं होतं. ही लाट ती गप्प बसली तरी येत होती, आणि वेळेवर येत होती.

"टॅक्सी बोलाव," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि परीक्षा संपेपर्यंत आईंना फोन करायचा नाही."

"पण आई मला..."

"त्या अर्ध्या परीक्षेतून गाडी वळवून घेऊन येतील. परीक्षकासकट."

नवऱ्याला ते पटलं. टॅक्सीत तो तिचा हात धरून बसला आणि टॅक्सीवाला तिच्यापेक्षा जास्त घाबरला. प्रसूतिगृहात पोहोचल्याबरोबर तिने नर्सला आपल्या सांध्याचं सांगितलं. पाय फार फाकवू नका, मला कुशीवर राहू द्या. नर्सने मान डोलावली, गुडघ्याखाली उशी दिली, आणि सगळं तसंच झालं. सोपं झालं असं कोणी म्हणणार नाही, पण नीट झालं. दुपार कलायच्या आत मुलगी झाली. लालबुंद, मुठी आवळलेली, आणि आवाज थेट मालकांच्या तोडीचा.

नवऱ्याने फोन केला तेव्हा पलीकडून आधी निकाल आला, "पास." मग बातमी ऐकल्यावर एवढंच, "मी येते." आणि फोन बंद.

वेळ जात राहिला. नवरा खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि एकदम म्हणाला, "अगं, बाबांची गाडी."

"कोण चालवतंय?"

"आई. एकटीच आहे." त्याने कपाळ काचेला टेकवलं. "आता लावतेय. दोन गाड्यांच्या मधे."

"मधे कशाला? बाकी आवार रिकामं नाही?"

"सगळं रिकामं आहे. पण खुणेच्या रेघा तिथेच आहेत. आत घेतली. नाही, परत बाहेर काढली."

"चाक पूर्ण फिरवायला सांग," ब्रेकताई उशीवरून म्हणाली.

"दुसऱ्या मजल्यावरून? हां, आता मागे. हळू, हळू. रखवालदार हातवारे करतोय. तिने त्याला बाजूला व्हायला सांगितलं. पुढे घेतली. आली, आली. लागली."

बाळंतीण आणि बाळ दोघीही झोपायच्या बेतात असताना सासूबाई आत आल्या. केस विस्कटलेले, परीक्षेसाठी घातलेले चांगले कपडे चुरगळलेले. त्यांनी आधी हात धुतले, खुर्ची ओढली, नीट बसल्या आणि मगच हात पुढे केले. बाळाकडे त्या किती तरी वेळ बघत राहिल्या. त्यांच्याकडून कोणालाही काही सूचना आली नाही, असा तो त्या घरातला बहुधा पहिलाच प्रसंग.

दुखणं काही त्याच दिवशी गेलं नाही. ते हळूहळू, काही आठवड्यांत विरत गेलं. आधी जिन्यावरून गेलं, मग पलंगावरून. शेवटच्या तपासणीला फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला एका पायावर उभं राहून मोजा घालायला सांगितला. तिने आधी भीतभीत पाय उचलला, मग मोजा चढवला, काढला आणि गरज नसताना पुन्हा चढवला.

"पुरे," बाई हसून म्हणाल्या. "व्यायाम मात्र इतक्यात सोडू नका."

खाली सासूबाई गाडी लावून थांबल्या होत्या. मागच्या सीटवर बाळाच्या खुर्चीत मुलगी गाढ झोपली होती. ब्रेकताई तिच्या शेजारी बसली. कामावर परत जायला अजून अवकाश होता. सासूबाईंनी आरशात दोघींकडे बघितलं, गाडी सुरू केली, आणि घराकडे वळायच्या ऐवजी सरळ पुढे, नदीकडच्या लांबच्या रस्त्याने निघाल्या. कोणी त्यांना विचारलं नाही, आणि त्यांनीही काही सांगितलं नाही.